दोन इंच वर

ऑक्टोबरात विस्कॉन्सिनला लेकीकडे असलो की एक आवाज ठरलेला. गावाबाहेरच्या टेकडीआडून दिवसभर ठो, जरा थांबून पुन्हा ठो. पहिल्या वर्षी मला वाटलं, यांच्याकडे दिवाळी आधीच सुरू झाली की काय. लेक म्हणाली, "बाबा, हरणांचा सीझन जवळ आलाय. सगळे रायफलींचा नेम लावून घेतायत."

मला काही कळेना. नेम माणूस धरतो. बंदुकीचा नेम कसला लावून घ्यायचा? आणि वर चांगली महागडी दुर्बीण बसवलेली असताना? दुर्बिणीतून बघायचं, फुली सावजावर ठेवायची, चाप ओढायचा. संपलं की!

गेल्या वर्षी शेजारचे म्हातारबुवा मला सोबत घेऊन गेले. अठ्ठ्याहत्तरीचे गृहस्थ, आयुष्यभर गाई पाळल्या, आता गोठा मुलाकडे. मी बंदुकीला हात लावायचा नाही, असं लेकीनं निघताना दोनदा बजावलं होतं. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसानं त्या भानगडीत पडूच नये. तेव्हा माझ्याकडे काम होतं ते तिकाटण्यावरच्या दुसऱ्या दुर्बिणीतून लक्ष्याचा कागद बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं.

त्या दिवशीचा शेवटचा कागद अजून डोळ्यासमोर आहे. शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरवर, इंचाइंचाच्या चौकटी आखलेला कागद. मधोमध लाल ठिपका. बुवांनी तीन वेळा त्या ठिपक्यावर नेम धरला आणि तीन भोकं पडली एकमेकांना जवळपास खेटून, पण ठिपक्याच्या बरोबर दोन इंच वर. बुवा म्हणाले, "परफेक्ट," आणि सामान आवरायला लागले.

मी म्हटलं, "अहो, ठिपक्यावर एकही लागली नाही!"

"लागायला नकोच," बुवा म्हणाले.

तेहतीस वर्षं सांगलीत मुलांना फिजिक्स शिकवलं. तरी हे उत्तर पचायला मला मिनिटभर लागलं.

चिंचेखालचं गणित

लहानपणी चिंचा पाडल्या असतील तर यातलं अर्धं उत्तर तुमच्याकडे आहे. चिंचेच्या आकड्यावर सरळ नेम धरून दगड मारला तर तो खालून जातो, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पोर आपसूक थोडं वर मारतं. दगड हातातून सुटला की त्याच क्षणी पृथ्वी त्याला खाली ओढायला लागते. पुढे जाणं आणि खाली पडणं ही दोन कामं तो एकाच वेळी करत असतो आणि एक काम दुसऱ्यासाठी खोळंबत नाही. गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी हेच दाखवलं.

गोळीचंही तेच. पुष्कळ लोकांची समजूत असते की गोळी आधी बराच वेळ नाकासमोर सरळ जाते आणि दमल्यावर खाली यायला लागते. काही जण तर सांगतात की ती नळीतून सुटल्यावर आपणहून वर उठते. दोन्ही चूक. जमिनीला समांतर धरलेल्या नळीतून गोळी सुटली आणि त्याच क्षणी तेवढ्याच उंचीवरून दुसरी गोळी नुसती हातातून सोडली, तर सपाट मैदानावर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीला टेकतील. फक्त एक पायाशी आणि दुसरी पार तिकडे.

फरक आहे तो वेगाचा. बुवांची रायफल 'थर्टी-ऑट-सिक्स' काडतुसाची. थर्टी म्हणजे इंचाच्या तीस शतांश व्यासाची नळी आणि सिक्स म्हणजे १९०६ साल, काडतुसाचं जन्मवर्ष. दीडशे ग्रेन वजनाची गोळी, म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडी जास्त, सेकंदाला साधारण ८८५ मीटर वेगानं बाहेर पडते. शंभर यार्ड जायला तिला सेकंदाचा जेमतेम नववा हिस्सा लागतो. तेवढ्यात ती सव्वादोन इंच पडते. दोनशे यार्डांना वेळ दुप्पट, पण पडणं चौपटीला पोचतं, नऊ इंचांच्या थोडं पुढे. तीनशेला जवळपास दोन फूट. पडणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ही उडी. त्यात हवा गोळीचा वेग खात असते, म्हणून प्रत्येक पुढच्या शंभर यार्डांना आधीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुर्बिणीतून जाणारी नजर मात्र पडत नाही. ती सुतासारखी सरळ जाते. सगळी गंमत या दोघींची गाठ घालण्यात आहे.

एटीएम कार्डाएवढी चढण

दुर्बीण नळीच्या आत बसत नाही, नळीच्या वर बसते. बुवांच्या रायफलीवर नळीच्या मध्यापासून दुर्बिणीच्या मध्यापर्यंतचं अंतर दीड इंच. म्हणजे दुर्बीण आणि नळी एकमेकींना अगदी समांतर बसवल्या, तर गोळी सुरुवातीलाच नजरेच्या दीड इंच खाली असणार आणि पुढे आणखी खालीच जाणार. दोघींची भेट कधीच नाही.

म्हणून नळी नजरेच्या मानानं जराशी वर तोंड करून ठेवतात. किती? दोन फुटी नळीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा एक मिलिमीटरभरही वर नसतं. खिशातल्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्याहून थोडी जास्त, एवढीच ही चढण.

अंगणात पायरीवर बसून पाइपनं लांबच्या कुंडीत पाणी घालताना बघा. पाइप असतो मांडीवर, डोळे त्याच्या वर. कुंडीकडे बघता ती नजर सरळ. पाण्याची धार खालून निघते, वर चढते, तुमच्या नजरेच्या रेषेला छेदून तिच्या वर जाते, कमान करते आणि उतरताना पुन्हा नजरेला भेटते ती थेट कुंडीत. एकाच नजरेला धार दोनदा भेटली, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना.

बुवांच्या गोळीची पहिली भेट तीस यार्डांच्या जरा अलीकडे होते. पुढे शंभर-सव्वाशे यार्डांच्या पट्ट्यात ती नजरेच्या दोन इंच वर असते. मग कमान उतरते. दोनशे यार्ड ओलांडल्यावर थोड्याच अंतरात दुसरी भेट. अडीचशेला ती नजरेच्या तीनेक इंच खाली आणि तीनशेला आठ इंचांच्या आसपास.

आता त्या दोन इंचांचा अर्थ लागतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं जिथे असतात ती जागा साधारण आठ इंच व्यासाच्या वर्तुळात बसते, आपल्या नाश्त्याच्या ताटलीएवढी. शिकाऱ्यानं फुली त्या वर्तुळाच्या मध्यावर ठेवली, तर अगदी जवळपासून अडीचशे यार्डांपर्यंत कुठेही हरीण असलं तरी गोळी मध्यापासून वर किंवा खाली तीन इंचांच्या आतच राहते. अंतर मोजायला नको, गणित करायला नको. नोव्हेंबरच्या पहाटे बोटं गारठलेली असताना हे फार मोलाचं. जनावर जखमी होऊन निसटू नये, यासाठीचा हा सगळा हिशेब आहे.

सगळेच दोन इंच वर ठेवतात असं नाही. दाट रानात ज्यांना ऐंशी यार्डांपलीकडचं काही दिसतच नाही, ते शंभरालाच गोळी बरोबर ठिपक्यावर आणतात आणि सुखानं राहतात. माझ्या मते त्यांचंच बरोबर. अडीचशे यार्डांची सोय करून ठेवायची आणि आयुष्यभर साठ यार्डांवर मारायचं, हे घरात दोनच माणसं असताना पंगतीचं पातेलं चुलीवर चढवण्यासारखं आहे.

दुर्बिणीच्या पोटात

गोळीला वर-खाली कसं करायचं? नळी तर दस्त्यात पक्की बसलेली. ती हलत नाही. हलवायची असते नजर.

शिकारी दुर्बिणीच्या पाठीवर एक आणि उजव्या कुशीला एक अशा दोन चकत्या असतात. वरची उंचीसाठी, बाजूची डावी-उजवीसाठी. टोपण काढून चकती फिरवली की जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखी टक-टक लागते. प्रत्येक टक म्हणजे एक क्लिक.

बाहेरच्या जाड नळीच्या पोटात एक धाकटी नळी असते. दुर्बिणीचं पुढचं भिंग समोरच्या दृश्याची छोटी प्रतिमा तयार करतं, पण उलटी, पाय वर आणि डोकं खाली. ती सुलटी करणारी भिंगं या धाकट्या नळीत बसवलेली असतात. आकाश बघायच्या दुर्बिणीला हा खटाटोप नसतो, कारण तिथे चंद्र उलटा दिसला म्हणून कुणाचं अडत नाही. धाकट्या नळीचं मागचं टोक बिजागरीसारखं टेकलेलं असतं आणि पुढचं मोकळं. त्या मोकळ्या टोकावर एका बाजूनं चकतीचा स्क्रू दाबतो आणि समोरून स्प्रिंग त्याला रेटून धरते, जशी बॅटरीच्या टॉर्चमध्ये सेलला मागची स्प्रिंग रेटते. स्क्रू आत गेला की नळीचं टोक पलीकडे सरकतं, स्क्रू मागे आला की स्प्रिंग त्याला अलीकडे आणते. एका क्लिकचं हे सरकणं केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. फुली या नळीशी बांधलेली, म्हणून नळी सरकली की फुली समोरच्या दृश्यावर सरकते.

इथे एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते, मलाही चकवलं. चकतीवर बाण असतो आणि त्यापुढे 'वर' असं लिहिलेलं असतं. पण त्या दिशेनं फिरवली की दुर्बिणीत फुली खाली जाते! बिघडलीय का? नाही. फुली ठिपक्याच्या खाली गेली, म्हणून ती पुन्हा ठिपक्यावर आणायला तुम्ही रायफलीचं तोंड वर उचलता. नळी वर झाली, गोळी वर लागली. बाण गोळीचा आहे, फुलीचा नाही.

फुली आली कुठून, त्याचीही एक हकिकत सांगतात. १६४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गॅसकॉइन नावाचा तरुण आकाश निरखत असे. त्याच्या उघड्या दुर्बिणीत कोळ्यानं जाळं विणलं आणि एक धागा नेमका जिथे प्रतिमा तयार होते त्या जागी आला. गॅसकॉइनला दूरचं दृश्य आणि जवळचा धागा दोन्ही एकदम स्वच्छ दिसले. पुढे कित्येक वर्षं मोजमापाच्या दुर्बिणींत खरोखरीचे कोळ्याचे धागे ताणून बसवत असत. आता बारीक तार असते, नाहीतर काचेवर कोरलेली रेघ.

चौकट : अंश, कला आणि क्लिक

पंचांगात ग्रहांची स्थिती अंश, कला, विकला अशी दिलेली असते. तीच 'कला' इथे कामाला येते. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. बंदूकवाले तिला 'मिनिट' म्हणतात.
शंभर यार्डांवर एक कला म्हणजे साधारण एक इंच. नेमकं सांगायचं तर १.०४७ इंच, पण वरचे शतांश कुणी मोजत नाही.
बहुतेक अमेरिकन दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे पाव कला. म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, दोनशेवर अर्धा इंच, पंचवीसवर इंचाचा सोळावा भाग.
युरोपीय दुर्बिणींत बऱ्याचदा एका क्लिकला शंभर मीटरवर एक सेंटिमीटर असतो.
कोन तोच, अंतर वाढलं की सरकणं वाढतं. दरवाजा बिजागरीपाशी बोटभर हलतो तेव्हा कडीपाशी वीतभर हलतो, तसं.

मास्तरांची चूक

मैदानावर गेल्यावर बुवांनी थेट शंभर यार्डांवर गोळी झाडली नाही. नवी दुर्बीण बसवलेली असते तेव्हा पहिली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, कागदावर भोकच पडलं नाही तर दुरुस्ती कशाची करणार? त्यांनी पंचवीस यार्डांवर कागद लावला. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत बसवली. पिशवी नळीखाली ठेवायची नाही, लाकडी दस्त्याखाली ठेवायची, कारण बार होताना नळी थरथरते आणि तिला टेकू लागला की गोळी भलतीकडे जाते. मग मागचा बोल्ट काढून घेतला आणि मागून रिकाम्या नळीत डोळा लावला. नळीच्या गोल भोकाच्या बरोबर मध्यावर ठिपका दिसेपर्यंत पिशव्या सारख्या केल्या. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीत बघून, चकत्या फिरवून फुली त्याच ठिपक्यावर आणली. एकही काडतूस न वापरता नळी आणि नजर साधारण एका जागी आल्या.

आता पहिली गोळी. भोक पडलं दीड इंच उजवीकडे. उंची ठीक होती. बुवांनी माझ्याकडे बघितलं, "मास्तर, किती क्लिक?"

चकतीवर पाव इंच लिहिलेलं. मी तत्परतेनं सांगितलं, "सहा, डावीकडे."

बुवा नुसते हसले आणि मोजून चोवीस क्लिक दिले. पाव इंच हे शंभर यार्डांचं माप, आपण होतो पंचवीसवर. चौपट क्लिक हवेत. कोनाचा धडा इतकी वर्षं फळ्यावर शिकवला तो मी! पुढची गोळी बरोबर ठिपक्याखाली बसली आणि मी वहीत दोनाच्या आकड्यापुढे माझ्याच नावानं एक शून्य घातलं.

एका गोळीवर विश्वास नाही

शंभर यार्डांवर मात्र भलतंच सुरू झालं. पहिली गोळी तीन इंच वर उजवीकडे. बुवांनी चकत्या फिरवल्या. दुसरी खाली डावीकडे. पुन्हा चकत्या. तिसरी कुठेतरी तिसरीकडेच. बुवांचा चेहरा लाल व्हायला लागला.

प्रत्येक रायफलीची गोळी थोडी विखुरतेच. काडतुसातल्या दारूचं वजन रतीभर इकडेतिकडे, नळी तापलेली, श्वास अर्धवट सोडलेला, खांद्यावरचा दाब कमीजास्त. चांगली शिकारी रायफल शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचात ठेवते. याचा अर्थ एकटी गोळी मध्यापासून पाऊण इंच बाजूला पडली तर त्यात चूक कुणाचीच नाही. त्या एका भोकावरून चकती फिरवायची म्हणजे जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचं एकदाच बीपी बघून गोळीचा डोस बदलण्यासारखं. म्हणून एकाच नेमावर, चकतीला हात न लावता, निदान तीन गोळ्या झाडायच्या. त्यांचा मध्य काढायचा आणि दुरुस्ती त्या मध्याला करायची. तीनही तशा थोड्याच, पण काडतुसं स्वस्त नाहीत.

हे बुवांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. राग आला की माणूस माहीत असलेलंही विसरतो. त्यांनी चकत्या सोडल्या आणि तीन-तीन गोळ्यांचे दोन गट झाडले. दोन्ही वेळा भोकं सहा-सहा इंचांवर पसरलेली. इतकं विखुरणं हे दैवाचं नसतं, कुठेतरी काहीतरी सुटलेलं असतं.

मैदानावरच्या माणसानं 'थांबा'चा पुकारा केला. अशा वेळी सगळ्यांनी बोल्ट उघडे टाकून रायफलीपासून मागे व्हायचं, मग लोक कागद बदलायला जातात. तोवर कुणी बंदुकीला बोटसुद्धा लावायचं नाही. बुवांनी थर्मासमधली कॉफी काढली. ती संपली, मैदान पुन्हा खुलं झालं, तेव्हा त्यांनी बार न भरता दुर्बीण मुठीत धरली आणि हलकेच पिळून बघितली. मागच्या कडीपाशी ती हलली. नखाएवढी सुद्धा नाही, पण हलली. दुर्बीण ज्या दोन कड्यांत आवळलेली असते त्यातल्या मागच्या कडीचा एक स्क्रू ढिला होता. प्रत्येक बाराच्या धक्क्यानं दुर्बीण जरा सरकून नव्या जागी बसत होती. नऊ काडतुसं त्यात गेली.

बुवांनी गाडीतून ॲलन की आणली, चारही स्क्रू थोडे-थोडे, आळीपाळीनं आवळले. स्टेपनी बसवताना नट आवळतात तसे. मग तीन गोळ्या. या वेळी सव्वा इंचात तिन्ही. मध्य ठिपक्याच्या अर्धा इंच वर आणि एक इंच डावीकडे. हवं होतं दोन इंच वर, म्हणजे अजून दीड इंच चढवायचं, सहा क्लिक वर, चार क्लिक उजवीकडे. या वेळी हिशेब माझाही तोच आला. चकती फिरवून झाल्यावर बुवांनी तिच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोनदा टकटक केलं, कारण आतली स्प्रिंग कधीकधी अडून बसते आणि पुढच्या बाराला जागेवर येते. नंतरच्या तीन गोळ्यांचा कागद म्हणजे तो सुरुवातीचा, 'परफेक्ट'चा.

कोल्हापूरचा सायटर

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. शिकारी दुर्बिणीचा नेम लावायची वेळ त्यामुळे आपल्यावर येत नाही. पण नेम लावून घेणं आपल्याला अनोळखी नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक घेतलं. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं पन्नास मीटर प्रोनचं सुवर्ण आणलं होतं. या खेळात रायफलीवर दृश्य मोठं करून दाखवणारी दुर्बीण लावता येत नाही. मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे एक कडं, एवढंच. मात्र त्या मागच्या चकतीलाही तसेच क्लिक असतात आणि गुण मोजणं सुरू होण्याआधी चाचणीच्या गोळ्या झाडायला मिळतात. त्यांना 'सायटर' म्हणतात.

पन्नास मीटरचं लक्ष्य तर भलतंच बारीक. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यांच्या पॉइंट ट्वेंटी-टूच्या गोळीचा वेग आवाजापेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे पन्नास मीटर जाईपर्यंत ती बारा सेंटिमीटरच्या आसपास पडते. म्हणजे वर्तुळाच्या अकरा-बारा पट. तरी ती बटणात बसते, कारण सायटर झाडून, क्लिक मोजून ते बारा सेंटिमीटर आधीच चुकते केलेले असतात. अंतर ठरलेलं पन्नास मीटर, त्यामुळे तिथे मधल्या कमानीची फिकीर करायचं कारण नाही. हरीण मात्र कुठल्या अंतरावर उभं राहील, हे सांगून येत नाही.

डोळा हलला तर

स्कूटरवर मागे बसून पुढच्याच्या खांद्यावरून वेगाचा काटा बघा. पुढच्याला चाळीस दिसतात, तुम्हाला पस्तीस. काटा आणि आकडे वेगवेगळ्या पातळीवर असल्यानं बघणाऱ्याची जागा बदलली की वाचन बदलतं. याला पॅरालॅक्स म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत अमीटरच्या काट्याखाली आरशाची पट्टी असते, ती यासाठीच.

दुर्बिणीतही हेच होतं. गॅसकॉइनच्या कोळ्याचा धागा नेमका प्रतिमेच्या पातळीवर होता. फुलीही तशीच प्रतिमेच्या पातळीवर हवी. पण प्रतिमेची जागा लक्ष्याच्या अंतराप्रमाणे किंचित पुढे-मागे होते. साध्या शिकारी दुर्बिणी बहुधा शंभर किंवा दीडशे यार्डांसाठी जुळवून कायम केलेल्या असतात. त्या अंतरावर डोळा थोडा डावीकडे-उजवीकडे गेला तरी फुली ठिपक्यावर चिकटून राहते. फार जवळ किंवा फार लांब बघितलं की डोळा हलताना फुली ठिपक्यावरून घसरते. रायफल पिशव्यांत ठेवून, तिला न शिवता, नुसती मान हलवून हे बघता येतं. मी बघितलं. पंचवीसला फुली डुलत होती, शंभरला खिळल्यासारखी.

उपाय साधा आहे. दर वेळी गाल दस्त्यावर एकाच जागी टेकायचा. आणि डोळा दुर्बिणीपासून तीन-चार इंच लांब ठेवायचा. जवळ नेला तर बाराच्या धक्क्यानं दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि अर्धचंद्र उमटतो. मैदानावर असा अर्धचंद्र मिरवणारे दोघे तरी दिसले.

वारा आणि चढ

ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला तर बुवांची गोळी शंभर यार्डांवर पाऊण इंच ढकलली जाते, दोनशेवर तीन इंचांच्या आसपास. वाऱ्यासाठी चकती फिरवून ठेवायची नाही, कारण वारा उद्या असेलच असं नाही. नेम लावायचा तो वारा पडलेला असताना, सकाळी लवकर.

डोंगरात आणखी एक चकवा आहे. चढावर मारा किंवा उतारावर, गोळी दोन्ही वेळा नेमापेक्षा वर लागते. गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं, त्यामुळे गोळीचं पडणं ठरतं ते मुख्यतः आडव्या अंतरावर, उतारानं मोजलेल्या अंतरावर नाही. तीस अंशांच्या चढावर दोनशे यार्ड म्हणजे जमिनीला समांतर फक्त एकशे त्र्याहत्तर. शिकाऱ्यानं दोनशेचा हिशेब धरलेला, गोळी पडते एकशे त्र्याहत्तरएवढीच.

गार नळीची एक गोळी

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बुवांनी पुन्हा दार वाजवलं. मी म्हटलं, काल तर झालं सगळं. ते म्हणाले, एक राहिलीय.

काल नळी तापलेली होती. तापलेलं लोखंड किंचित वाकतं, फुगतं, आणि गार नळीतली पहिली गोळी कधीकधी बाकीच्यांपासून वेगळी पडते. शिकारीत मात्र मिळते ती पहिलीच, तीही तीन-चार तास थंडीत बसल्यावर. म्हणून खरी परीक्षा ती गार नळीच्या गोळीची. गवतावर दव गोठलं होतं. बुवांनी नारिंगी जाकीट घातलं, सीझनमध्ये घालतात तेच, कारण जाड जाकिटानं खांद्याची जागा बदलते. वाळूच्या पिशव्यांत रायफल ठेवली, पाच मिनिटं काहीच न करता बसले आणि एक गोळी झाडली.

मी दुर्बिणीतून बघितलं. दोन इंच वर, पाव इंच डावीकडे. वहीत लिहिलं : अठरावी. वीस काडतुसांच्या डब्यात दोन उरली.

बुवांनी कागद काढून आणला. त्यावर पेन्सिलीनं तारीख घातली, गोळीचं वजन लिहिलं, 'शंभरला दोन वर' असं लिहिलं आणि खाली अधोरेखित करून 'आधी स्क्रू बघ'. कागदाची घडी करून ती रायफलीच्या पेटीत झाकणाखालच्या खणात सरकवली. खणात आधीची एक घडी होती. बुवा हात पुसत होते तेवढ्यात मी ती उघडून बघितली. त्याच्या आदल्या वर्षीची तारीख, तीच गोळी, 'शंभरला दोन वर', आणि खाली, दोनदा अधोरेखित, 'आधी स्क्रू बघ'.